चाळणीआडचे वीस शब्द

शुक्रवार, १२ डिसेंबर. सोमवारी स्वयंपाकघराला रंग द्यायला माणसं येणार, म्हणून आज रजा टाकून माळा रिकामा करायला घेतला. दोन चेपलेली पातेली निघाली, मुलाचा बालवाडीतला डबा निघाला, तीन इडलीपात्रं निघाली (तीन कशाला, हे मलाही माहीत नाही) आणि सगळ्यात मागून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, पितळी कडेची एक चाळण निघाली. जाळी एका बाजूने उसवलेली. या चाळणीने मी कधी पीठ चाळलेलं नाही. ती त्या कामाची नव्हतीच.

पुसून ओट्यावर ठेवली, तर तिच्या शेजारी ती डबी. गेले तीन आठवडे ती तिथेच आहे. तिच्यात कानाचं मशीन आहे आणि ते माझं आहे.

हे आधीच सांगून टाकते. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. तिथे सगळ्यांच्या तोंडावर मास्क. गेली दोन-तीन वर्षं मला मास्कमागचं बोलणं नीट कळत नव्हतं आणि ते कळत नाही हेसुद्धा मला कळत नव्हतं. कारण कोणत्या टप्प्यावर कोणतं हत्यार लागतं हे हाताला पाठ झालेलं. डॉक्टर मागायच्या आत मी देत होते आणि सगळे माझं कौतुक करत होते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नेहमीची वाट सोडून वेगळंच काही मागितलं. मी नेहमीचंच दिलं. त्यांनी पुन्हा मागितलं. मी पुन्हा तेच दिलं. पेशंटला काही झालं नाही. पण डॉक्टरांनी मास्कवरून माझ्याकडे जे बघितलं, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

नंतर ते फार गोड आवाजात म्हणाले, "सिस्टर, जानेवारीपासून ओपीडी बघता का? तिथे तुमच्यासारखी अनुभवी माणसं हवीत."

ओपीडीत अनुभवी माणसं कशाला हवी असतात ते मला माहीत आहे. केसपेपर लावायला.

मग कानाची तपासणी झाली, मशीन आलं. एक दिवस घातलं. पळी पातेल्याला लागली तर डोक्यात ताटं कोसळली. नवऱ्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा ओढल्यासारखं वाटलं. आणि माणसांचं बोलणं मोठं झालं, पण कळायला होतं तेवढंच. मशीन डबीत गेलं. यातला विनोद असा, की अशा वेळी काय करायचं असतं हे मला तेविसाव्या वर्षीच शिकवून झालेलं होतं. शिकवणारा माणूस डॉक्टर नव्हता. माझा घरमालक होता.

उचगावात त्यांचं घर. गल्लीत सगळे त्यांना जॉबर म्हणत. इचलकरंजीच्या माग-शेडमध्ये बिघडलेला माग लावून देतो तो जॉबर. तिथे त्यांची तीस वर्षं गेली होती. मी आजऱ्याहून ट्रंक आणि वळकटी घेऊन खोली बघायला गेले, तेव्हा हा माणूस माझ्या डोळ्यांकडे न बघता सरळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ट्रंक उचलून परत निघणार होते.

"गाव कंचं?"

"आजरा."

"आता 'दार लावून घेते' असं म्हण."

मी म्हटलं. ते बायकोकडे वळून म्हणाले, "ओठ साफ हायत. ठेवून घे हिला."

काकूंनी मला नंतर सांगितलं की माझ्या आधी एक प्राथमिक शाळेचे मास्तर खोली मागायला आले होते. चांगला सज्जन माणूस. त्यांना मिशीसाठी परत पाठवलं. जॉबरकाकांचं म्हणणं, "मिशीतनं काय बी कळंना. उद्या ह्यो आग लागली म्हणून सांगंल आनि मी व्हय व्हय म्हणत बसंन."

शेडमध्ये चाळीस माग एकदम चालू असले की स्वतःची हाकसुद्धा स्वतःला ऐकू येत नाही. तिथे लोक ओठांनी बोलतात. आवाज लावून उपयोग नसतो, म्हणून लावतच नाहीत. काकांची ती सवय घरीही सुटली नव्हती. काकू चुलीकडे तोंड करून भाकरी थापत असायच्या आणि हे मागे बसून नुसते ओठ हलवत सगळी हकिकत सांगत असायचे. दहा मिनिटांनी काकू मागे वळायच्या.

"अवो, आवाज घाला की!"

मग ते पहिल्यापासून सुरू करायचे आणि आवाज असा घालायचे, की समोरच्या गोठ्यातली म्हैस मान वर करायची. मधलं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

घरासमोर रस्त्यापलीकडे एसटीचा थांबा. काका कट्ट्यावर बसून तिथली बोलणी वाचायचे, जसं दुसरं कुणी पेपर वाचतं. "ती निळ्या लुगड्याची म्हणतीया, सासूचं दात नवीन बसवलं, पर बोलणं जुनंच हाय." गल्लीतल्या बायकांना हे ठाऊक होतं. काका कट्ट्यावर दिसले की त्या तोंडावर पदर घेऊन बोलायच्या. नवीन माणसाला वाटावं, काय सोज्वळ गल्ली आहे. काकांना याचा अभिमान होता. "माझ्यामुळं हितं मर्यादा टिकून हाय."

पण ओठांचाही त्यांना पूर्ण भरवसा नव्हता. प, ब आणि म, तिन्हीला ओठ सारखेच मिटतात. "ओठ बी लबाड असत्यात," असं ते म्हणायचे. आणि कानाचं काय झालंय हे विचारलं, तर त्यांनी मला जे उत्तर दिलं ते मी पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पुस्तकात याला चार पानं लागली आहेत. काकांचं उत्तर असं होतं: "कानं, मात्रा, वेलांट्या समद्या ऐकू येत्यात. अक्षरंच गळून पडत्यात. स गेला, श गेला, त गेला, क बी गेला. तुमी गाडीभर बोला, मला नुसतं आ, ऊ, ए. पाळण्यातल्या पोरागत."

इतकी वर्षं त्यावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. अडलं ते घरात फोन आल्यावर.

त्यांची एकुलती मुलगी सुमन लग्न होऊन सुरतेला. पूर्वी पत्रं यायची. मग फोन आला आणि पत्रं बंद झाली. रविवारी अकराला तिचा फोन. काका रिसीव्हर हातात घेऊन ओरडायचे, "हां! बरं हाय! तू बरी हायस न्हवं? देतो आईला!" दर रविवारी हीच चार वाक्यं, ती पलीकडून काहीही विचारो. एका रविवारी तिने सांगितलं, पोराला टायफॉइड झालाय, दवाखान्यात ठेवलंय. काका म्हणाले, "झ्याक! झ्याक!" आणि फोन काकूंना दिला.

त्यानंतर तीन रविवार काकूंनी त्यांना फोन दिलाच नाही. का ते त्यांनी काकूंच्या ओठांवरून वाचलं. त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. "फोनला ओठ न्हाईत, सिस्टर," म्हणाले. तक्रार नव्हती ती. मागाचा कुठला भाग निकामी झालाय हे सांगावं, तसं सांगितलं.

मी त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं. खिशात ठेवायची पेटी आणि कानात वायर, असलं मशीन तेव्हा मिळालं. डॉक्टर म्हणाले, "मशीन आवाज मोठा करील. त्याचा अर्थ लावायला कानाला पुन्हा शिकवावं लागेल."

"किती दिवसांत शिकंल?"

"आता या वयात... काही सांगता येत नाही."

"बिघडलेला माग मी आठ दिसांत लावतोय," काका म्हणाले. डॉक्टर हसले. आठ दिवसांचे पुढे चौदा महिने झाले, हेही सांगायला हवं.

आणि मग ती चाळण आली. मी समोर बसून बोलले की त्यांची नजर आपोआप माझ्या ओठांवर जायची. डोळे मिटा म्हटलं, तर मिटत, पण मध्येच किलकिले करत. "डोळ्यास्नी तीस वर्साची सवय हाय, ते काय माझं ऐकत्यात?" मी तोंडावर हात धरला तर आवाज दबला. वही धरली, तरी तेच. पदर धरला, तर काकू म्हणाल्या, "हे बरं न्हाय दिसत." शेवटी त्यांनीच डब्यावरची पिठाची चाळण उचलून माझ्या हातात दिली. आवाज जातो, ओठ दिसत नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी नवी चाळण आणली आणि महिनाभर दोघांशी अबोला धरला.

रोज संध्याकाळी, मी ड्यूटीवरून आले की चहाच्याही आधी वीस शब्द. साखर, सुतळी, ताट, शेपू, काकडी, फणस, खिळा, चप्पल, असे. जी अक्षरं गळतात त्यांचेच वेचून काढलेले. मी चाळणीआडून म्हणायचं, त्यांनी सांगायचं, मी वहीत खूण करायची. क्रम रोज वेगळा. अंदाज लावायला सक्त बंदी. एखादा शब्द बरोबर आला, तरी ते कधी कधी स्वतःच म्हणायचे, "खोड ती खूण. डोक्यानं भरला, कानानं न्हाय." आणि चुकलं, की तोच शब्द लगेच दोनदा ऐकायचा. "चूक ताजी हाय तवर बरोबर ऐकायचं. शिळी झाली की ती पक्की हुती."

हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. नवीन कामगाराला मागाचा आवाज असाच शिकवतात म्हणे. आधी आठ दिवस चांगल्या मागाशेजारी उभं करायचं. चांगला कानात बसला, की वाईट आपोआप कळतो.

याच सुमारास त्यांनी गाणंही मनावर घेतलं. कानाला व्यायाम म्हणून. देवळातल्या भजनी मंडळात ते टाळ वाजवायचे आणि लयीला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. अनवाणी पाय फरशीवर टेकवून बसायचे. पखवाज त्यांना तळव्यातून ऐकू यायचा. सुराचं मात्र सांगायची सोय नव्हती. अख्खा अभंग ते एका सुरावर म्हणायचे, आणि तो सूर पेटीत नसायचा. मग त्यांना कुणीतरी सांगितलं, की लाकडाला दात लावले तर आवाज थेट हाडातून जातो. पुढच्या गुरुवारी भजन रंगात आलेलं असताना काका पुढे सरकले आणि त्यांनी पेटीची कड दातात धरली.

मंडळाची बैठक झाली. पेटीवर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. अध्यक्षांनी विचारलं, "जॉबर, काय फरक पडला का तरी?"

"सुराचं कळलं न्हाय," काका म्हणाले. "पॉलिश चांगलं हाय."

त्यांना टाळापुरतं ठेवून घेतलं आणि पेटीपासून चार माणसं दूर बसवलं.

आठ महिन्यांनी वीसपैकी वीस आले. मी दोनदा तपासून पाहिले. काकूंनी मटण केलं. मी हौसेने तीच यादी सुमनताईला पोस्टाने पाठवली आणि कळवलं, की रविवारी फोनवर एकेक शब्द वाच. रविवारी फोन वाजला. काका रुबाबात खुर्चीवर बसले, रिसीव्हर मशीनला लावला. ताई एकेक शब्द वाचत गेली.

वीसपैकी तीन.

काका उठून कट्ट्यावर जाऊन बसले. थांब्यावर दोन बायका बोलत होत्या, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. मी म्हटलं, फोनचाच आवाज खराब असेल. त्यांनी मान हलवली.

"मी बोलणं न्हाय शिकलो, सिस्टर. मी तुला शिकलो."

मग म्हणाले, "चूक माझी हाय. एका मागावर कुणी जॉबर हुईत न्हाय. धा माग बगितलं की अकरावा वळखू येतो. ही मला ठावं पायजे हुतं."

सोमवारपासून गल्लीत माणसं धरायला सुरुवात झाली. जो दारावरून जाईल त्याला कट्ट्यावर बसवायचं, हातात चाळण आणि यादी द्यायची. दूधवाला झाला, पोस्टमन झाला. घरी कानडी बोलणारे किराणा दुकानदार आले. त्यांचे शब्द मध्येच लांब व्हायचे. मागच्या चाळीतली बिहारची सून आली, तिला वाचता येत नव्हतं म्हणून तिला शब्द आधी मी सांगायचे आणि ती आपल्या चालीवर म्हणायची. दात नसलेली एक आजी आली. तिच्या तोंडून निम्मी अक्षरं मुळातच गळत होती, पण काका म्हणाले, "असू दे. ही बी येक मागच हाय." दुकानदार चाळण उलटीपालटी करून म्हणाले, "जॉबर, भूत उतरवायलायस काय रे?"

"न्हाय. भरायलोय. तू वाच."

आणि एके दिवशी, मिशीसाठी परत पाठवलेले ते मास्तर रस्त्याने चाललेले दिसले. काकांनी हाक मारली. मास्तर बिचकतच आले.

"बसा मास्तर. आता मिशी चालतीया. चाळणीआड समदी सारखीच."

मास्तर भला माणूस, बसले. पुढे आठवड्यातून दोनदा येऊन ते वाचायचे.

मी वहीत प्रत्येकाला वेगळं पान केलं होतं, म्हणून जे झालं ते मला नीट दिसलं. नव्या माणसाला आधी पाच-सहाच यायचे. पण आठव्या-नवव्या माणसानंतर काहीतरी बदललं. अकरावी बाई पूर्ण अनोळखी, थांब्यावरून आणलेली, आणि पहिल्याच फेरीत चौदा. तिचं बोलणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं, तरी ते अर्धंअधिक त्यांच्या ओळखीचं होतं.

आता तो रविवार. काकू फोनवर बोलत होत्या, काका शेजारी. चुलीवर दूध उतू जायला लागलं. काकू म्हणाल्या, "धरा वाईच, मी दूध उतरून येतो," आणि रिसीव्हर त्यांच्या हातात देऊन आत पळाल्या. काका काही बोलले नाहीत. पलीकडे ताईला वाटलं, आईच आहे. ती बोलत राहिली. मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. मला काकांचा चेहरा दिसत होता, फोन ऐकू येत नव्हता. ते फार लक्ष देऊन ऐकत होते. मग काकू आल्या, त्यांनी रिसीव्हर काकूंना दिला, माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "वही आण."

मी आणली.

"ल्ही. 'आई, आज बाबांना फोन देऊ नको. ओरडून ओरडून माझा घसा बसतो, आणि शेजारची माणसं हसतात.' शेजारची मधला श आला. हसतात मधला स बी आला. खूण कर."

मी त्यांच्याकडे बघत बसले.

"बगत्यास काय? बरोबर हाय का न्हाय, ती तुला कसं कळणार, तू काय ऐकलंस? मी सांगतो, बरोबर हाय. समदं आलं. खूण कर."

मी खूण केली. त्यांनी वही हातात घेऊन ती खूण पाहिली आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळी मला वाटलं, आता हे सगळं संपलं. ते साडेसहाला चाळण घेऊन दारात हजर.

"येक वाक्य झालं," म्हणाले. "बाकीची यायची हायत."

पण वाक्याचा त्यांनी उपयोग केला. चार दिवस विचार करून त्यांनी शोध लावला, की ते स्वतः ओरडतात म्हणून ती ओरडते. मग उलटी शिकवणी. ते बोलणार आणि मी हात वरखाली करून सांगणार, किती मोठं. पहिले तीन दिवस माझा हात खालीच होता. काकूंनाही ते सवयीचं नव्हतं, नवरा हळू बोलायला लागल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांस्नी बरं न्हाय काय?"

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी फोन वाजल्यावर काकांनी काकूंच्या आधी उचलला. हळू, साध्या आवाजात म्हणाले, "बोल. बारीक बोल, ऐकू येतंय."

पलीकडून ताई काहीतरी म्हणाली. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कोण बोलतंय म्हणून इचारतीया."

तिने जन्मभर बापाचं ओरडणंच ऐकलेलं. त्यांचा आवाज तिला ठाऊक नव्हता.

"तुझा बा बोलतोय," काकांनी सांगितलं. त्यानंतर त्यांनी वीस मिनिटं फक्त ऐकलं. मध्ये दोनदा "परत सांग" म्हणाले. एकदाही झ्याक म्हणाले नाहीत. त्या रविवारी काकूंना फोन मिळाला नाही आणि त्या दिवसभर फुगून बसल्या.

माझ्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून ती चाळण दिली, कागदात गुंडाळून. सासूबाईंनी उघडून बघितली आणि म्हणाल्या, "वापरलेली आहे." मी माळ्यावर टाकली. पुढे मोबाइलवर माणसं दिसायला लागली, तेव्हा मी एकदा उचगावला गेले होते. सुमनताईचा मुलगा आजोबांना कौतुकाने आईचा चेहरा दाखवत होता. काकांनी फोन घेऊन कट्ट्यावर पालथा घातला आणि तसाच बोलत राहिले. "ओठ दिसलं की कान झोपतोय," म्हणाले. चार वर्षांपूर्वी ते गेले. मी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ऑपरेशनं होती, म्हणून लगेच परतले.

आणि आज ओट्यापाशी उभं राहून माझ्या लक्षात आलं, की सव्वीस वर्षं मी चाळण लावलेल्या माणसांतच उभी आहे. मास्क म्हणजे दुसरं काय? आणि मी काय करत होते, तर काकांनी जे खोडायला लावलं असतं तेच. डोक्याने भरत होते.

माळा तसाच अर्धा ठेवला. वहीच्या पानावर वीस हत्यारांची नावं लिहिली. नवरा म्हणाला, मी वाचून दाखवतो. म्हटलं, तुझा आवाज नको, तो पाठ आहे.

शनिवार, १३ डिसेंबर. सकाळी मशीन कानात घालून निघाले. रिक्षा, कुकर, कावळे, सगळं एकदम अंगावर आलं. आलं तर आलं. अर्धा तास आधी पोचले आणि थिएटरबाहेरच्या खोलीत जो दिसेल त्याला मास्क लावून बसवलं. धाकटी सिस्टर, भूल देणाऱ्या मॅडम, वॉर्डबॉय, झाडणाऱ्या मावशी. मावशींना नावं वाचता येईनात, त्यांना धाकटीने सांगितली. मावशींचे नऊ आले. मॅडमचे तेरा.

तेवढ्यात डॉक्टर आले. "सिस्टर, काय चाललंय?"

मी यादी त्यांच्या हातात दिली. "वाचा सर. क्रम बदलून."

त्यांनी एकदा माझ्या कानाकडे पाहिलं, मास्क लावला आणि पहिला शब्द वाचला. मला आला नाही. तेही बिचारे चांगल्या मनाचे. मास्क खाली ओढून, ओठ मोठे करून सांगायला लागले.

"मास्क वर घ्या," मी म्हणाले. "आणि तोच शब्द दोनदा म्हणा."